उभा ठेवायचा तुकडा

आमच्या खात्यात माणसं येत नाहीत, माणसांचे तुकडे येतात. बरणीत, डबीत, कधी करंगळीएवढ्या बाटलीत. सोबत एक चिठ्ठी असते: कोणाचा, कुठला, कधी काढला. इस्पितळाच्या तळघरात, शवागाराच्या अलीकडच्या दारामागं आम्ही दोघं बसायचो. मी डॉक्टर, म्हणजे काचेवरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहून देणारी. आणि मेणकाका, म्हणजे तो तुकडा काचेवर येईपर्यंत त्याचं जे काय करायचं ते सगळं करणारे. सही माझी, मेहनत त्यांची. चौदा वर्षांत मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मेणबत्त्यांच्या कारखान्यातून ते सव्विसाव्या वर्षी इथं आले. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले होते म्हणे. "मेणाचं काम येतं?" "येतं." "मांसाची किळस येते?" "अजून बघितलं नाही." एवढ्यावर नोकरी लागली आणि एकतीस वर्षं टिकली.

काम काय, तर आलेल्या तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण मुरवायचं, मग तो छोट्या साच्यात ठेवून वरून पातळ मेण ओतायचं. गोठलं की ठोकळा होतो. त्या ठोकळ्याचे यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर सोडायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे. हे सगळं कुणालाही सहा महिन्यांत येतं. येत नाही ते एकच, तुकडा साच्यात ठेवणं. आतडं असो, गळा असो, ज्याला अस्तर आहे तो तुकडा साच्यात उभा ठेवावा लागतो. गादी उभी कापली तर वर खोळ आणि खाली कापूस दिसतो. आडवी कापली तर नुसती खोळच हातात येते, आणि खोळीला सुरकुत्या असतील तर तिचे सुटे सुटे तुकडे दिसतात, कापसात घुसल्यासारखे. अस्तर खाली घुसलेलं दिसणं म्हणजे आमच्या भाषेत कॅन्सर. तुकडा तिळाएवढा, मेण गोठायला दहा आकडे मोजावेत इतकाच वेळ, आणि तेवढ्यात चिमट्यानं त्याला उभं करायचं. मेणकाका करायचे. मी दुसऱ्या इस्पितळांतल्या काचा बघितल्या आहेत, त्यामुळं त्यांची किंमत मला माहीत होती. ती त्यांना कधी सांगितली मात्र नाही.

एक वाजता आम्ही जेवायचो. ते त्यांच्या टेबलावर, मी माझ्या, आणि मधलं दार उघडं. चौदा वर्षांत एका टेबलावर बसलो नाही. ते म्हणायचे, "तुमची खोली डॉक्टरांची." मी म्हणायचे, "मग उपाशी राहा." माझा राग नाकावर, आणि त्यांचा कुठं ठेवलेला होता ते मला कधी सापडलं नाही. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एकदा मी सहज विचारलं, "काका, घरी गेल्यावर पहिला शब्द कुणाशी बोलता?" "दिव्याच्या बटणाशी," ते म्हणाले, आणि डबा धुवायला गेले. एक मोठी बहीण होती दुसऱ्या गावी. ताईला दर रविवारी फोन. तिला ऐकू कमी येतं. "मी ओरडतो, ती बरं बरं म्हणते, आणि दोघंही समाधानानं फोन ठेवतो." मी हसले होते. हसण्यासारखंच सांगितलं होतं त्यांनी, पण घरी जाताना मला वाईट वाटलं.

आमचा एक खेळ होता. स्नायू, चरबी, मज्जातंतूंचं आवरण, असल्या मऊ भागांच्या गाठी साधारण हातापायांत किंवा पाठीत होतात. पण लाखात एखादी वाट चुकते आणि मूत्रपिंडात, थायरॉइडमध्ये, कुठंतरी भलतीकडंच उगवते. अशा वेळी चिठ्ठीवर अवयव वाचून आपण त्या अवयवाचाच नेहमीचा कॅन्सर शोधतो आणि हटकून फसतो. अशा गाठीला मेणकाका 'पाहुणा' म्हणायचे. रोज सकाळी काचांचा ट्रे माझ्यापुढं ठेवताना विचारायचे, "आज पाहुणा आहे का बघा." चौदा वर्षांत अकरा आले. अकराही वेळा मी दारातून हाक मारली, "काका, पाहुणा!" आणि ते हातातलं काम टाकून यायचे. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून म्हणायचे, "मला काय कळतंय? पण दिसतो छान."

शेवटच्या वर्षात ते मान तिरकी करून बघायला लागले. कोंबडी दाण्याकडे बघते ना, तसं. मी चिडवलंही, "काका, मान अवघडली की कुणाला डोळा मारताय?" ते म्हणाले, "या वयात मारला तर लागायला तर हवा." मी खो खो हसले आणि कामाला लागले. शितावरून भाताची परीक्षा करणं हे माझं पोट भरायचं साधन. पण शेजारच्या टेबलावरचं अख्खं माणूस मला दिसलं नाही.

मग तो गळ्याचा तुकडा आला. चौतीस वर्षांची बाई, मुलांना पोहायला शिकवणारी, सहा महिने आवाज बसलेला. सगळ्यांनी तिला ओरडणं कमी करायला सांगितलं, कारण तलावाच्या काठावर उभं राहून दिवसभर ओरडणं हाच तिचा धंदा. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आत बघितलं तर स्वरपट्टीच्या मागच्या टोकाला गाठ, खोल गेलेली, पट्टी जागची हलेना. तीन कण काढून खाली पाठवले. शुक्रवारी दुपारी काच माझ्यापुढं आली. जिकडं बघावं तिकडं अस्तराच्या पेशी, बेटांसारख्या, एकमेकींपासून तुटलेल्या. अस्तर खाली घुसलंय. मी 'कॅन्सर' लिहिलं.

इथं थांबून एक गोष्ट कबूल करते. त्या काचेवर नुसतं अस्तर होतं, अस्तराच्या खालचं काहीच नव्हतं. अशी काच आली की लिहायचं असतं: तुकडा आडवा बसलाय, खात्री देता येत नाही, पुन्हा पाठवा. शंका माझ्या मनात आली होती. एक क्षणच. मग मी स्वतःलाच म्हटलं, मेणकाकांचा तुकडा आणि आडवा? वेड लागलंय का? आणखी तेवीस काचा बघायच्या होत्या. मी सही केली.

मंगळवारी घशाचे डॉक्टर खाली आले. एरवी ते फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांनी सांगितलं, स्वरयंत्र पूर्ण काढायचं ठरलंय, गुरुवारी. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज जाईल. बाई तयार आहे, कारण घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि तिला जगायचंय. "तुमच्या रिपोर्टबद्दल काही शंका नाही ना?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी म्हटलं, नाही. ते गेले. पलीकडच्या टेबलावर यंत्राचं चाक फिरायचं थांबलं.

मेणकाका माझ्या दारात येऊन उभे राहिले. हात पुसत होते, पण हात कोरडेच होते.

"मॅडम, तो गळ्याचा तुकडा. मी आडवा घातलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे आडवा. उभा राहिलाच नाही. चिमट्यातून कळलं मला. मेण गोठत आलं होतं. म्हटलं, राहिला असेल."

"बघितलं नाहीत?"

"दिसलं नाही."

मी उठले. "माझ्याकडे बघा काका. काय दिसतं?"

"तुमचे कान दिसतात. मागचं कपाट दिसतं. मधलं नाही."

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं, कडेकडेचं सगळं दिसतं. चष्मा नाही, ऑपरेशन नाही. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठ महिने हा माणूस बोटांच्या आठवणीवर तुकडे उभे करत होता.

"आठ महिने तुम्ही माझं तोंड बघितलं नाही?"

"ते पाठ आहे की."

"आणि सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं तुम्ही लोकांनी. घरी काय आहे, मॅडम?"

मग मी ओरडले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एका बाईचा आवाज जायची वेळ आली आणि तुम्हाला घरी करमत नाही, असलं काहीतरी. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "पुढचं नंतर बोला. आधी वर फोन करा."

मी घशाच्या डॉक्टरांना फोन केला की गुरुवारचं थांबवा, तुकडा परत बघतेय. त्यांनी जे काय म्हणायचं ते म्हटलं. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि फोन ठेवला.

ठोकळा वितळवायचा, कण बाहेर काढायचे आणि नव्यानं उभे करायचे, एवढं सोपं होतं. पण करणार कोण? मी शिकत असताना चार-सहा तुकडे ठेवले असतील, तेही वाकडे. आणि ठोकळ्यात शिल्लक होतंच किती. काप काढून काढून कण अर्धे झाले होते. आता चुकलं तर परत काही उरणार नव्हतं. मेणकाका म्हणाले, "डोळे तुमचे, हात माझा." मी त्यांच्या खांद्यामागून वाकले. मी सांगत गेले, ते चिमटा हलवत गेले. "डावीकडं. जरा कमी. चकाकणारी बाजू तुमच्याकडं आली. आता उभा आहे. उभा आहे, काका. सोडा." त्यांनी मेण ओतलं. तीनही कण आम्ही असेच ठेवले. चौदा वर्षांत आम्ही पहिल्यांदाच एका टेबलावर काम केलं.

दुसऱ्या दिवशी काच आली. वर अस्तर, जाड झालेलं, खाली वाकलेलं, पण अखंड. कुठंही तुटून घुसलेलं नव्हतं. आणि त्याच्या खाली, जिथं गेल्या वेळी काहीच आलं नव्हतं, तिथं मोठमोठ्या गुलाबी पेशी दाटीनं बसल्या होत्या, आत बारीक वाळू भरल्यासारख्या. मज्जातंतूंच्या आवरणातून निघणारी साधी गाठ. ती खाली वाढली की वरचं अस्तर उगाचच असं जाड होऊन कॅन्सरचं सोंग घेतं. जिभेवर, कातडीखाली ती भेटते. स्वरयंत्रात मी ती फक्त पुस्तकात बघितली होती. खात्रीसाठी एक खास रंग लावावा लागतो, त्यात दुपार गेली. चार वाजता रंग चढला.

मी हाक मारली, "काका, पाहुणा आहे."

ते आले, पण सूक्ष्मदर्शकाकडं गेले नाहीत. "आवाज राहील?"

"राहील. गाठ तेवढी काढतील."

ते माझ्या खोलीतल्या स्टुलावर बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या खोलीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही, कारण कालचं ओरडणं अजून मधे होतं.

बदललेल्या रिपोर्टवर कारण लिहावं लागतं. मी म्हटलं, "'आणखी खोल काप घेतले' एवढंच लिहिते. खोटंही नाही आणि कुणाला कळणारही नाही."

"नको. मेणात आडवा बसला म्हणून लिहा. आणि आठ महिन्यांतले सगळे ठोकळे काढून तपासायला सांगा."

"काका, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणखी कुणाचा आडवा गेला असेल तर? तो बसला असेल कुठंतरी रडत. बघायला नको?"

मी लिहिलं. कारणाच्या चौकटीत दोन ओळींची जागा होती. पहिल्या ओळीत त्यांची चूक लिहिली. दुसरी ओळ मी कोरी ठेवली.

दहा दिवसांत त्यांना घरी बसवल्याचं पत्र आलं. इस्पितळानं वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. कागदावर जे होतं त्याप्रमाणे केलं. कागदावर एकाच माणसाची चूक होती, कारण तो कागद मी लिहिला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्र पुसलं, पात्याला तेल लावलं आणि "येतो" म्हणून गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या इस्पितळातून एक बाई आल्या. कानात गाणी घालून काम करतात. एक वाजता कँटीनला जातात.

पुढचे दोन महिने मी रोजचं काम संपवून आठ महिन्यांचे ठोकळे आणि काचा तपासल्या. सहाशे चाळीस बारीक तुकडे. डोळ्यांत तेल घालून बघितले. आडवा सापडावा असं मला वाटत होतं का? खरं सांगायचं तर वाटत होतं. आणखी चार-दोन सापडले असते तर माझी ती कोरी ओळ जरा कमी बोचली असती.

त्याच दिवसांत ती पोहायला शिकवणारी बाई आमच्या तळघरात आली. पेशंट कधी इथवर येत नाहीत. ही आधी चुकून शवागाराच्या दारावर धडकली आणि मग हसत आमच्याकडं. आवाज अजून खरखरीत, पण असा खणखणीत की बाटल्या वाजाव्यात. "कोणी पकडलं हो हे? मला त्यांना भेटायचंय!" मी म्हटलं, मेणकाकांनी, आणि त्यांच्या घरचा नंबर लिहून दिला. कुणीतरी त्यांचे आभार मानावेत म्हणून दिला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे तिनं माझ्याकडं बघून धन्यवाद म्हटलं असतं तर मला ते सोसलं नसतं.

तपासणी संपली त्या रविवारी मी त्यांच्याकडं गेले. तिसरा मजला, एक खोली, एक खुर्ची. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले. माझ्यासाठी चहा ओतताना कपाच्या काठाला आतून बोट लावून ठेवलं होतं, चहा बोटाला लागला की थांबायचं.

"सहाशे चाळीस बघितले, काका. तो एकच आडवा."

"बाकीचे?"

"सगळे उभे."

त्यांनी कप खाली ठेवला. "न दिसता?"

"न दिसता."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्या भरात मी बोलून गेले. "तो आडवा आहे हे मला काचेवर कळायला हवं होतं. कळलंही होतं. दोन चांगले डोळे असून मी सही केली. आणि पुढं कागदावर तुमचंच नाव लिहिलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही ओरडलात तेव्हापासून. दुसऱ्याच्या चुकीवर माणूस इतकं ओरडत नाही."

मला रडू आलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या बाईंचा फोन आला होता का? मी नंबर दिला होता."

"आला होता. म्हणाली, तुमच्यामुळं माझा आवाज राहिला. केवढा मोठा आवाज हो तिचा! मी म्हटलं, रॉंग नंबर."

"का?"

"काय सांगायचं तिला? घालवायला निघालो होतो तोही मीच, असं?" ते उशाजवळचा जुना, तारेचा फोन चाचपत राहिले. "ठेवला, आणि मग वाटलं, बोलायला हवं होतं. निदान तिला बोलू द्यायला हवं होतं. परत करील म्हणून तेव्हापासून कुठं बाहेर गेलो नाही. एकवीस दिवस झाले."

"परत नाही आला?"

"छे. रॉंग नंबरला परत कोण फोन करतं, मॅडम?"

मी पर्समधून माझा फोन काढला. "थांबा, मी लावून देते. तिच्या केसपेपरवरचा नंबर आहे माझ्याकडं."

"नको," ते म्हणाले. "तुम्हीच बसा अजून थोडा वेळ."